पोटॅशियमचा शोध

पोटॅशियम हा चांदीसारखा चकाकणारा, सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी तो ऑक्टोबर १८०७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत पोटॅशपासून (लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या दाहक क्षारापासून) विजेच्या साहाय्याने वेगळा केला. खतांच्या संदर्भात ‘नत्र, स्फुरद, पालाश’ म्हणतात त्यातला पालाश तो हाच. खताच्या पोत्यावरचा पालाशाचा आकडा मात्र धातूचा नसून ऑक्साइडच्या हिशेबाने छापलेला असतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८९ मध्ये केलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत चुना होता, पोटॅश व सोडा नव्हते. ती संयुगे असावीत असा संशय होता, पण ती फोडायची कशी हे कोणाला साधले नव्हते.

डेव्हींनी आधी पोटॅशचा संपृक्त द्राव घेतला. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजनच निघाले, कारण ऋणाग्रावर (विजेच्या ऋण टोकावर) पोटॅशियम सुटण्यापेक्षा पाण्याचे अपघटन फार सहज होते. पूर्ण कोरड्या पोटॅशमधून वीज वाहीना. प्लॅटिनमच्या चमच्यात वितळवून पाहिले, तर ऋण तारेपाशी नुसती ज्वाला दिसे. धातू सुटत होता, पण हाती लागण्याआधीच जळत होता.

तोड निघाली ती दमटपणात. पोटॅशचा लहान तुकडा काही सेकंद हवेत ठेवला की पृष्ठभागाला ओल धरते, आणि तेवढी ओल वीज वाहायला पुरते. असा तुकडा प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवून चकती घटमालेच्या (बॅटरीच्या) ऋण टोकाला जोडली आणि धन टोकाची प्लॅटिनमची तार वरून टेकवली. घटमालेत ६ इंची १०० व ४ इंची १५० पत्र्यांच्या जोड्या होत्या. दोन्ही टोकांना पोटॅश वितळू लागले. वर जोराने फसफसून ऑक्सिजन निघाला. खाली पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले. काही फुटून पेटले, उरलेल्यांवर पांढरा थर चढला. पुढे धातू हवेपासून वाचवण्यासाठी नॅफ्थ्याखाली (एका खनिज तेलाखाली) ठेवू लागले. पाण्यावर टाकला की तो तरंगतो आणि जांभळट ज्योतीने जळतो.

काही दिवसांतच सोड्यापासून सोडियम मिळाले. त्याला वीज अधिक लागली. डेव्हींनी पोटॅशियमची सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतली घनता) ०.६ च्या आसपास सांगितली. खरी ०.८६ आहे, पण इवल्याशा थेंबांवरचे ते मोजमाप होते.

धातू ढिगाने मिळाला तो मात्र विजेशिवाय. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक व तेनार या रसायनशास्त्रज्ञांनी बंदुकीच्या नळीत लोखंडाचा कीस पांढराशुभ्र होईपर्यंत तापवून त्यावरून पोटॅश सोडले. वाफ होऊन निघालेला धातू नळीच्या थंड टोकात गोळा झाला.