इन्फोग्राफिक पोस्टर : माहितीची मांडणी

मुख्य गोष्ट आधी आणि तपशील नंतर कळेल अशा क्रमाने आकडे, नकाशे, चित्रे व मोजका मजकूर एका कागदावर बसवणे, हे इन्फोग्राफिक पोस्टरचे काम. शाळेत शिकलेले स्तंभालेख आणि वृत्तालेख ही त्याची जुनी साधने; स्कॉटिश अभियंते विल्यम प्लेफेअर यांनी ती अनुक्रमे १७८६ व १८०१ साली छापून वापरात आणली.

मांडणीचा आकार वाचकाच्या प्रश्नावरून ठरतो. सोलापूरची गड्डा यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा घ्या. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेली ६८ लिंगे कुठे आहेत, हे नकाशाच सांगू शकतो. तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि होम कोणत्या दिवशी, यासाठी दिवसांची पट्टी हवी. दोन्ही प्रश्न एकाच चित्रात कोंबले की दोन्हींची उत्तरे हरवतात.

‘किती’ हा प्रश्न सर्वांत फसवा. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पैकी सुमारे ६३.५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याखाली तळाशी राहणारे पाणी. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजा ५० टक्के’ असे वाचायला मिळते आणि पाणी शून्याच्या खाली कसे जाते, हे नव्या माणसाला उमगत नाही. प्रत्यक्षात तेव्हाही धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. हे परिच्छेदात समजावत बसण्यापेक्षा एक उभे भांडे काढावे, मृतसाठ्याच्या वरच्या कडेवर जाड शून्यरेषा ओढावी, तिच्याखालचा भाग गडद रंगवावा आणि आजची पातळी बाणाने दाखवावी. पोस्टरवर सर्वांत ठळक ती शून्यरेषाच असली पाहिजे. कालवे, पिण्याचे पाणी, बाष्पीभवन यांचे तपशील खालच्या चौकटीत, लहान अक्षरांत.

सोलापुरात मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि उर्दूही बोलली जाते, त्यामुळे इथे चिन्हांचे मोल जास्त. व्हिएन्नात समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ यांनी १९२०च्या दशकात चित्रचिन्हांचा एक नियम घालून दिला: संख्या वाढली तर चिन्ह मोठे करू नये, त्याच मापाची चिन्हे वाढवावीत. कारण साधे आहे. दुप्पट दाखवायला घागर दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढली, तर कागदावर ती चौपट जागा व्यापते आणि डोळा तेवढीच मोठी मानतो.

अक्षरांकडे मात्र हवे तितके लक्ष दिले जात नाही. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना आणि रफारांना भिडतात. लहान टाइपात जोडाक्षरे बुजतात. देवनागरीला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा द्यावीच लागते, त्यासाठी मजकूर कापावा लागला तरी चालेल.

बदलत्या आकड्याशेजारीच त्याची तारीख छापावी. जूनमधली पातळी दाखवणारा फ्लेक्स ऑगस्टमध्येही चौकात टांगलेला असू शकतो.