कृष्णकमळ

पॅसिफ्लोरा प्रजातीतील फुलवेल. नावात कमळ असले तरी कमळाशी हिचे नाते नाही, आणि आपण हिच्यावर अख्खे महाभारत बसवले असले तरी ही मूळची अमेरिकेची. प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या बहुतेक तिकडच्याच. स्पॅनिश धर्मप्रसारकांना या फुलात येशूच्या यातना दिसल्या: तंतूंचे वलय हा काटेरी मुकुट, पाच पुंकेसर या जखमा, तीन कुक्षी (पराग झेलणारी टोके) हे खिळे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये शास्त्रीय नाव पक्के केले, तेही याच अर्थाचे. आपल्याकडे तेच तंतू कौरव झाले, पुंकेसर पांडव आणि कुक्षी ब्रह्मा-विष्णू-महेश. तंतू मोजले तर शंभर भरतीलच असे नाही; पण मोजतो कोण!

फूल एका दिवसाचे. उमलते तेव्हा तिन्ही कुक्षी वर उभ्या असतात. मग तासा-दोन तासांत हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. परागकोशांची तोंडे खाली असतात. त्यामुळे मधासाठी तंतूंवर उतरलेल्या काळ्या भुंग्याची पाठ पिवळी होते आणि पुढच्या फुलात ती पाठ नेमकी कुक्षींना घासते. सुट्टीच्या दिवशी वेलीजवळ खुर्ची टाकून बसले तर हे सगळे डोळ्यांनी दिसते.

कोल्हापुरात ही वेल कंपाउंडच्या जाळीवर, जिन्याच्या कठड्यावर, गच्चीवर कुंडीतही चांगली येते. पाच-सहा तास ऊन हवे. ताणा आधाराला वेटोळे घालतो आणि मग स्प्रिंगसारखा आवळतो, म्हणून भिंतीपेक्षा तार किंवा सुतळी बरी. जुलैच्या झडीत मात्र कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात. तळाला विटांचे तुकडे घालून भोक मोकळे ठेवावे.

इथली खरी चूक खताची. पेठांमध्ये म्हशींचे गोठे जवळच, शेणखत पाटीने मिळते, आणि माणूस हात सैल सोडतो. वेल मग गच्चीभर पसरते, पाने हिरवीगार, फूल एक नाही. नत्र कमी करावे. फुले नव्या फुटव्यावर येतात, म्हणून थंडी सरली की छाटणीही करावी. जीव होत नाही म्हणून न छाटलेली वेल वर झुडूप आणि खाली काटक्या होऊन बसते.

पानाच्या देठावरच्या बारीक गाठींतून गोड रस झरतो, त्यासाठी मुंग्या येतात. औषध मारायचे कारण नाही. काटेरी तांबूस अळ्या दिसल्या तर त्या बहुधा टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराच्या असतात. आठवड्यात वेलीची पाने फस्त करतात, पण वेल पुन्हा फुटते.

फळ धरत नाही ही नेहमीची तक्रार. पॅशनफ्रूटची वेल याच प्रजातीतली, पण शोभेच्या कृष्णकमळांपैकी बऱ्याच जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. शेजारून पराग आणावा म्हटले तर गल्लीतल्या सगळ्या वेली बहुधा एकाच घरच्या फांदीपासून लावलेल्या, म्हणजे दहा दारांत मिळून वेल एकच.