निळूभाऊंचे पाटील आले कुठून?

निळू फुल्यांची नक्कल करणं सोपं. मान तिरकी, डोळा बारीक, घोगरा आवाज, आणि कुणीतरी बाई वाड्यावर बोलावली जाते. टाळ्या हमखास. १३ जुलै २००९ला निळूभाऊ गेले, पण ही नक्कल अजून गाजतेय. मला मात्र त्यांच्या वेगळ्याच भूमिका आठवतात, आणि त्यांच्यामागे असलेला वेगळाच माणूस.

हा माणूस राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या तरुण संघटनेतून आला. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचं आणि उरलेल्या वेळात कलापथक, असा त्यांचा सुरुवातीचा काळ. सेवा दलानं तमाशाची बतावणी (विनोदी संवाद), वग (त्यातलं नाट्य), सवाल-जवाब हे सगळं समाजप्रबोधनासाठी वापरलं. पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे'मधला रोंग्या निळूभाऊंनी तिथेच रंगवला. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य गाजलं आणि १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णांनी सिनेमाचं दार उघडलं. समोरच्याला बोलू द्यायचं आणि मग एका शब्दात त्याची हवा काढायची, ही त्यांची लकब वगातलीच.

आता पाटलाकडे. तमाशापटातला जुना पाटील वतनदार होता. पण नगर जिल्ह्यात प्रवरेला १९५०मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावातली सत्ता वाड्यातून चेअरमनच्या खुर्चीत सरकली. हा नवा पाटील मराठी पडद्यावर मला पहिल्यांदा नीट दिसला तो 'सामना'त. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील ओरडत नाही. दारूच्या आहारी गेलेल्या मास्तराला तो घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. त्याचा पाहुणचार हीच त्याची दहशत. म्हणून तर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर "मारुती कांबळेचं काय झालं?" विचारत सुटतो, तेव्हा खुर्चीतल्या माणसाला फुटणारा घाम खरा वाटतो. ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर बोललो त्याला आतून ओळखल्याशिवाय असं काम होत नाही, असं माझं मत.

त्याआधी, १९७२मध्ये, रंगभूमीवर तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' आलं होतं. सेन्सॉरशी भांडण, कोर्टकचेरी, सगळं झालं. टाकलेल्या बायका घरी आणून आपले नियम त्यांच्यावर लादणारा सखाराम म्हणजे सरळ सरळ राक्षस करता आला असता. निळूभाऊंनी त्याला माणूस ठेवला, त्यामुळे तो जास्त त्रास देतो.

हिंदीत त्यांच्या वाट्याला 'कुली' वगैरे आले. त्यातला 'सारांश'मधला (१९८४) गजानन चितरे तेवढा मी ठेवतो. हिंदुरावच मुंबईत येऊन नगरातला पुढारी झाल्यासारखा.

पण एकच भूमिका निवडायची तर 'सिंहासन' (१९७९). इथे खुर्ची नाही, हुकूम नाही, बाई नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांतला पत्रकार दिगू टिपणीस, खांद्याला झोळी असल्यासारखा मंत्रालयाच्या आसपास हिंडतो. सगळ्यांचं ऐकतो, फारसं बोलत नाही. ज्याचा आवाज सगळा महाराष्ट्र ओळखतो, त्या नटाला इथे जवळजवळ गप्प ठेवलंय. या गप्प राहण्यात मला खरे निळूभाऊ दिसतात: दलितांना गावचं पाणी खुलं करणाऱ्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत बाबा आढावांबरोबर असलेले, लागूंबरोबर कार्यकर्त्यांसाठीच्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारे, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहणारे. खेड्यातल्या बायाबापड्या त्यांना पाहून बोटं मोडायच्या असे किस्से सांगतात. त्यांनी तीच दाद मानली म्हणे.

सत्तेचा सगळा खेळ डोळ्यांसमोर उरकल्यावर दिगू रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याची नक्कल मात्र आजवर कुणी केलेली मी पाहिली नाही.