झॉम्बी-डायनोसॉर साथ (कल्पित)

डायनोसॉरांना चाव्यातून जडणारा आणि बाधित प्राण्याची भीती, वेदना व भान हिरावून केवळ चावण्याची प्रेरणा शिल्लक ठेवणारा रोग पसरला, तर माणसाने जगावे कसे, या प्रश्नाभोवती रचलेली ही कथाकल्पना आहे. प्रस्तुत नोंदीत ती नाशिक परिसराला लावून पाहिली आहे.

मराठी लोककथांत भूत, मुंजा, वेताळ यांची वाण नाही. पण त्यांतले कोणी चावून दुसऱ्याला आपल्यासारखे करीत नाही, आणि झपाटण्यावर उतारा असतो. हैतीच्या लोकसमजुतीतला मूळ झॉम्बीदेखील मांत्रिकाचा गुलाम होता. चाव्याने पसरण्याचा गुण त्याला विसाव्या शतकातील चित्रपटांनी चिकटवला.

नाशिकमध्ये डायनोसॉर आणायचे कोठून, हा पहिला अडसर होय. येथील डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेल्या बेसाल्टचे असून लाव्हाच्या थरांत हाडे सहसा टिकत नाहीत. महाराष्ट्रातील डायनोसॉरांचे ठळक अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव व पिसदुरा येथील गाळखडकांत मिळाले आहेत. म्हणून कथेत डोंगरगावचा लांब मानेचा, शाकाहारी आयसिसॉरस आणि गुजरातेतील रैयोलीचा मांसभक्षक राजासॉरस (नामकरण २००३) यांना पाहुणे म्हणूनच बोलवावे लागते.

रोगाचे स्वरूप ठरवताना लेखक बहुधा रेबीजकडे वळतात, आणि ती चूक आहे. रेबीज मुख्यतः सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पक्ष्यांना तो क्वचितच होतो, आणि डायनोसॉर तर पक्ष्यांचे पूर्वज. त्यामुळे जवळचा नमुना शोधायचा तो पोल्ट्रीच्या शेडात. राणीखेत, ज्याला कोंबडीपालक मानमोडी म्हणतात, त्या विषाणूजन्य रोगात पक्ष्याची मान पिळवटते, पाय लुळे पडतात, तो जागच्या जागी गोल फिरत राहतो. असा पक्षी एकदा पाहिलेल्या माणसाला झॉम्बीचे वर्णन वेगळे करून सांगावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालनाचा व्यवसाय मोठा असल्याने बचावाचे निम्मे शास्त्र येथे आधीच रुळलेले आहे: शेडच्या दारात जंतुनाशकाचे पायबुडवण, चुन्याची फक्की, बाहेरच्या माणसाला आणि गाडीला मज्जाव, एका शेडमधली भांडी दुसऱ्या शेडमध्ये न नेणे, पिलांच्या डोळ्यात राणीखेतवरील लासोटा लसीचा थेंब. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हा आजाऱ्यांबरोबर आसपासचे निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट करावे लागले. कल्पित साथीतही हाच नियम सर्वांत कठोर ठरतो, कारण लक्षणे दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून वेळ निघून गेलेली असते. बंदुकीपेक्षा बादलीभर जंतुनाशक अधिक माणसे वाचवील, हे कथालेखकांना फारसे रुचत नाही.

आसऱ्याच्या बाबतीत जुनी रीत मात्र उलटी करावी लागते. प्लेगच्या काळात उंदीर पडू लागले की लोक गाव मोकळे करून रानात झोपड्या बांधून राहत. मोकळ्या रानात राजासॉरससमोर झोपडीचा उपयोग शून्य. येथे उंची आणि अरुंद वाट कामाला येते. राजासॉरस ज्या कुळातला, त्यातील प्राण्यांचे पुढचे हात अत्यंत आखूड असत, त्यामुळे त्र्यंबकेश्वरजवळील हरिहर गडाच्या खड्या चढाच्या, हाताला धरायला खोबणी असलेल्या कोरीव पायऱ्या त्याला चढता येणार नाहीत. नाशिकजवळील डोंगरात कोरलेल्या पांडवलेण्यांत एकूण २४ लेणी आहेत. लेणे क्रमांक ३ च्या सभामंडपाभोवती भिक्षूंसाठी कोरलेल्या १८ खोल्या असून त्यांच्या दारांतून माणूस आत जातो, मोठे जनावर जात नाही. शिवाय डोंगरात पाण्याची टाकी आहेत, ज्यांना तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. दोष एवढाच की कुत्र्याच्या आकाराच्या चपळ मांसभक्षक डायनोसॉरांना ही दारे अडवू शकत नाहीत. खरी भीती त्यांचीच.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ क्षेत्र, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, या कथेत सर्वांत धोक्याचे ठरते. पक्षी हे जिवंत डायनोसॉरच असल्याने, रोगाने पक्ष्यांना वगळायचे तर लेखकाला त्याचे कारण द्यावे लागेल. ते न दिल्यास हिवाळ्यात येणारी बदकांचे थवेच्या थवे साथ घेऊन उतरतील, आणि पाणपक्षी विषाणूचे वाहक असतात हे बर्ड फ्लूबाबत सिद्धच आहे.

मृतदेहांची विल्हेवाट हा भाग कथांतून जवळजवळ गायब असतो. कोंबड्या खड्ड्यात चुन्यासह पुरता येतात, पण आयसिसॉरसचे सुमारे १८ मीटर लांबीचे धूड पुरायला जेसीबी लागतील. तोही खड्डा विहिरींपासून आणि नदीपात्रापासून दूर घ्यावा लागेल, कारण शहराचे पिणे मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या पाण्यावर आहे आणि धरणाच्या वरच्या अंगाला सडलेले एकच धूड सगळ्या नाशिकला आजारी पाडायला पुरेल.