खोल समुद्रातील स्क्विड

खोल समुद्रातील स्क्विड (माकूळ) : मृदुकाय संघाच्या शीर्षपाद वर्गातील प्राणी. आठ बाहू, भक्ष्य पकडणारे दोन लांब संस्पर्शक आणि तोंडाशी पोपटासारखी चोच अशी यांची ठेवण असते. २०० मीटरखालच्या अंधुक वा पूर्ण काळोख्या पाण्यात यांच्या अनेक जाती राहतात. जाळ्यांना ते सहजी सापडत नाहीत. त्यामुळे त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती त्यांना खाणाऱ्यांच्या पोटातून मिळाली आहे.

कायटिन या चिवट पदार्थाची चोच सहसा पचत नाही. एकेका स्पर्म देवमाशाच्या जठरात अशा हजारो चोची निघतात. खालच्या चोचीच्या ठेवणीवरून जात ओळखता येते, मापावरून वजनाचा अंदाज बांधता येतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ माल्कम क्लार्क यांनी या कामात आयुष्य घातले. सर्वांत वजनदार जातीचे, कोलोसल स्क्विडचे, १९२५ मधील पहिले शास्त्रीय वर्णनही देवमाशाच्या पोटातल्या बाहूंवरून झाले. त्याच्या जिवंत पिल्लाचे नैसर्गिक अधिवासातील खात्रीलायक चित्रण व्हायला २०२५ साल उजाडले.

देवमासा आणि महाकाय स्क्विड (जायंट स्क्विड; कोलोसलहून वेगळी जात) यांची झुंज चित्रकारांची आवडती. पण देवमाशाचे रोजचे खाणे बहुतांशी लहान स्क्विडांचे असते. अनेक जाती तरंगत राहण्यासाठी शरीरात अमोनियम क्लोराइडचे द्रावण साठवतात. असे पाणचट मांस अंगी फारसे लागत नाही, म्हणून पोट भरायला संख्या लागते. चोचीसारख्या तोंडाच्या चंचू देवमाशांना तर दातही मोजकेच. ते भक्ष्य चक्क शोषून घेतात. त्यांच्यातील कुव्हिएचा देवमासा २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद आहे. हत्ती सील, रिसो डॉल्फिन, तलवार मासा हेही स्क्विडांचे मोठे गिऱ्हाईक.

बचावासाठी काही जाती अंगावरच्या प्रकाशावयवांनी खालून दिसणारी आपली सावली पुसतात, तर ऑक्टोपोट्युथिस नावाचा स्क्विड पकडला गेलेला बाहू तोडून पळतो. महाकाय स्क्विडचा सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाचा डोळा चाल करून येणाऱ्या देवमाशाभोवती चमकणारे सूक्ष्मजीव दुरून टिपण्यासाठी असावा, असा एक तर्क आहे.

कोडे आहे ते अल्बट्रॉसचे. हा पक्षी जेमतेम काही मीटर बुडी मारतो, तरी त्याची पिल्ले खोल पाण्यातल्या स्क्विडांच्या चोची ओकतात. काही जातींचे प्राणी प्रजननानंतर मरून पृष्ठभागावर तरंगतात. देवमाशांनी ओकलेले आणि मासेमारी बोटींनी टाकलेले तुकडेही त्याच्या वाट्याला येत असावेत.