द सोशल नेटवर्क (चित्रपट)

द सोशल नेटवर्क हा २०१० चा अमेरिकन सिनेमा, फेसबुक नेमकं कुणी काढलं ह्या भांडणावरचा. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, पटकथा ॲरन सॉर्किनची, आधार बेन मेझरिकच्या २००९ मधल्या पुस्तकाचा. मार्क झुकरबर्ग झालाय जेसी आयझेनबर्ग आणि त्याचा मित्र एदुआर्दो सॅव्हरिन झालाय अँड्र्यू गारफिल्ड.

गोष्ट सुरू होते २००३ मध्ये, हार्वर्डला. झुकरबर्ग एका रात्रीत फेसमॅश नावाची साइट बनवतो, मुलींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यातली कोण जास्त छान ते निवडायचं, त्यावरून कॉलेजात बोंब होते आणि ते ऐकूनच विंकलव्हॉस हे जुळे भाऊ आणि त्यांचा पार्टनर दिव्य नरेंद्र त्याला आपल्या साइटचं, कॉलेजातल्या मुलांना एकमेकांशी जोडणाऱ्या, काम सांगतात. तो हो हो म्हणत राहतो आणि फेब्रुवारी २००४ मध्ये स्वतःचीच साइट चालू करतो, तीच पुढची फेसबुक. सुरुवातीचे पैसे सॅव्हरिनचे. पुढे कॅलिफोर्नियात नॅपस्टर ही गाणी वाटायची साइट काढणारा शॉन पार्कर (जस्टिन टिंबरलेक) कंपनीत शिरतो, आणि कंपनीच्या कागदांवर सह्या करून बसलेल्या सॅव्हरिनला कळतं की आपला ३४ टक्के हिस्सा ०.०३ वर आलाय.

खरी कमाल मांडणीची आहे. जुळ्या भावांचा एक दावा, सॅव्हरिनचा दुसरा, दोन्हीकडे वकिलांसमोर जबान्या चालू आहेत आणि त्यातूनच मागचं सगळं उलगडत जातं. त्यामुळे आपण जे बघतो ते प्रत्येक वेळी कुणाचं तरी म्हणणं असतं, आणि कल्पना ज्याला सुचली त्याची की ज्याने बसून कोड लिहिला त्याची, हा निकाल सिनेमा शेवटपर्यंत देत नाही. मला तर हेच त्याचं सगळ्यात प्रामाणिक अंग वाटतं. बोलणं प्रचंड वेगात आहे, पटकथा १६० पानांच्या वर असूनही सिनेमा दोन तासांत बसतो, आणि पहिल्याच बारमधल्या सीनचे ९९ टेक झाले होते. दोन्ही विंकलव्हॉस आर्मी हॅमरनेच केलेत, एकासाठी दुसऱ्या नटाच्या अंगावर त्याचा चेहरा बसवलाय. भारतीय वंशाच्या नरेंद्रची भूमिका मात्र ब्रिटिश नट मॅक्स मिंघेलाला दिली, ते बऱ्याच जणांना खटकलं.

ऑस्करची नामांकनं ८, मिळाली ३: रूपांतरित पटकथा, संकलन आणि ट्रेंट रेझनर व ॲटिकस रॉस यांचं संगीत.

आता खरं किती? सुरुवातीला झुकरबर्गला सोडून जाणारी एरिका काल्पनिक आहे, प्रत्यक्षात तो २००३ पासून प्रिसिला चॅनबरोबर होता आणि पुढे त्यांचं लग्नही झालं. कपडे तेवढे बरोबर दाखवलेत पण साइट काढण्यामागचं कारण साफ चुकीचं, असं तो स्वतः म्हणाला. हार्वर्डने शूटिंगला परवानगी देत नाही म्हटल्यावर बरेच सीन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये घेतले. दावे मात्र खरेच होते. विंकलव्हॉस बंधूंशी २००८ मध्ये रोख आणि शेअर मिळून ६.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. सॅव्हरिनचाही दावा मिटला, आकडा बाहेर आला नाही, पण सहसंस्थापक म्हणून त्याचं नाव परत लागलं.