पल्पोटॉमी (दुधाच्या दातांतील)

दुधाच्या दाढेतील कीड गाभ्यापर्यंत (दाताच्या आतील नसा व रक्तवाहिन्यांच्या मऊ भागापर्यंत) पोचली असेल, पण मुळांतील गाभा अजून निरोगी असेल, तर वरच्या भागातील गाभा तेवढा कापून काढून मुळांतील जिवंत राखण्याची शस्त्रक्रिया. दवाखान्यात पालकांना समजावताना हिलाही सर्रास ‘रूट कॅनॉल’ म्हणतात. ते नाव खरे तर मुळांतील गाभाही काढणाऱ्या पल्पेक्टॉमीला लागू पडते.

दुधाच्या दाताचे एनॅमल (बाहेरचे कठीण आवरण) सुमारे १ मिमी. जाड, म्हणजे कायमच्या दाताच्या साधारण निम्मे असते. गाभा मात्र दाताच्या मानाने मोठा असून त्याचे पुढच्या बाजूचे टोक बरेच वर आलेले असते. त्यामुळे दोन दाढांच्या फटीत लागलेली कीड बाहेरून जेमतेम डागासारखी दिसते, तेव्हाच ती आत गाभ्याला भिडलेली असू शकते.

निदान मुख्यतः दुखण्याच्या तऱ्हेवरून होते. गोड-थंड लागल्यावर किंवा घास अडकल्यावर दुखून लगेच थांबत असेल, तर गाभा वाचण्याची आशा असते. आपोआप ठणकणे, रात्री झोपमोड होणे, हिरडीवर पुळी, सूज किंवा पडण्याचे वय नसताना दात हलणे ही गाभा गेल्याची किंवा जाऊ लागल्याची चिन्हे होत. दुखत नाही म्हणून दात बरा, असे मात्र नाही. पुळीतून पूला वाट मिळाली की ठणका थांबतो. क्ष-किरण चित्रात रोगाची काळसर छाया मुळांच्या टोकांपेक्षा त्यांच्या बेचक्यात आधी पाहावी, कारण गाभ्याच्या तळातून सूक्ष्म वाहिन्या तेथे उघडतात. गाभा जिवंत आहे का हे पाहण्याची विजेची किंवा थंडाची चाचणी लहान मुलांत भरवशाची नसते. घाबरलेले मूल कशालाही ‘दुखलं’ म्हणते.

कीड खोल असूनही गाभ्याचा दाह बरा होण्याजोगा दिसत असेल, तर कडांची कीड पूर्ण काढून गाभ्यावरचा मऊ थर तसाच ठेवणे व वरून घट्ट सील करणे हा पर्याय अलीकडे अधिक पसंत केला जातो. गाभा उघडा पडला तरच पल्पोटॉमीचा विचार होतो.

दाढ बधिर करून रबर डॅम (लाळेपासून दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावतात, कीड आधी काढतात आणि मग गाभ्याचे छत पूर्ण उघडतात. छताखाली गाभ्याची एखादी चिंधी राहिली, तर तिचेच रक्त मुळांतून येते आहे असा चुकीचा समज होतो. वरचा गाभा धारदार चमच्याने किंवा गोल बरने (दात कोरण्याच्या यंत्राच्या फिरत्या टोकाने) काढतात. तळ पातळ असल्याने बर खोल गेला की आरपार भोक पडते. नंतर ओलसर कापसाचा बोळा ५ मिनिटे दाबून धरतात. कोरडा बोळा गुठळीला चिकटतो आणि उचलताच रक्त पुन्हा सुरू होते. तरीही रक्त थांबत नसेल, तर मुळांतील गाभाही दाहग्रस्त समजून पल्पेक्टॉमी करावी किंवा दात काढावा. रक्त मुळीच आले नाही, तर गाभा मेलेला असतो.

उरलेल्या गाभ्यावर कोणते औषध ठेवावे, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे. फॉर्मोक्रेसॉल या फॉर्माल्डिहाइड व क्रेसॉलच्या जंतुनाशक द्रावाचे श्रेय बहुधा दंतवैद्य बकली यांना, १९०४ च्या सुमारास, दिले जाते. परंतु त्यांचा रोख सडलेल्या गाभ्याच्या उपचारावर होता. दुधाच्या दातांच्या पल्पोटॉमीत ते रूढ करण्याचे श्रेय दंतवैद्य स्वीट यांना (१९३०) देणे अधिक योग्य वाटते. त्यांची पद्धत अनेक बैठकांची होती. पुढे ती एका बैठकीवर आणि ५ मिनिटांच्या बोळ्यावर आली. बकलींच्या द्रावात सुमारे १९% फॉर्माल्डिहाइड व ३५% क्रेसॉल असते. नंतर ते एकास पाच असे पातळ करून वापरू लागले. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्ककारक ठरवले. दातात लागणारी मात्रा अत्यल्प असल्याने धोका नगण्य, असे समर्थक म्हणतात. पर्यायांपैकी १५.५% फेरिक सल्फेट सुमारे १५ सेकंद लावतात. ते रक्त थांबवते, गाभा बरा करत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडने मूळ आतून झिजण्याचा दोष आढळल्याने ते मागे पडले. १९९३ मध्ये तोराबिनेजाद यांच्या गटाने पुढे आणलेले एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट, एक प्रकारचे दंतसिमेंट) आज सरस ठरते. त्याची भुकटी व पाणी ३:१ प्रमाणात कालवतात. किंमत आणि करड्या प्रकाराने दात काळवंडणे या त्याच्या अडचणी.

वरून ग्लास आयोनोमर हे दाताला चिकटणारे सिमेंट भरून स्टीलची टोपी बसवतात. अपयशाचे एक मोठे कारण औषधात नसून येथे असते: नुसते भरण एका कडेने गळले, की जंतू पुन्हा आत शिरतात. पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी व गरजेनुसार क्ष-किरण चित्र घेतात. मुळे एक-तृतीयांशाहून अधिक झिजली असल्यास ही शस्त्रक्रिया करू नये. दात काढावा आणि कायमचा दात यायला अवकाश असेल तर जागा राखणारी पट्टी बसवावी.